रोज दीड वाजता चंद्रीला फोन: इटलीतले आमचे चौदा दिवस

मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली. पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रांवर बोट ठेवून मुलांना सांगायचे, हे मूळ चित्र भिंतभर आहे बरं का. मी स्वतः ती भिंत कधी पाहिली नव्हती. निरोप समारंभातली शाल आणि नारळ घेऊन घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "आता मला ती चित्रं खऱ्या मापात बघायचीत."

बाळासाहेब म्हणाले, "जाऊया की." आणि लगेच पुढे, "पण चंद्रीचं काय?"

चंद्री म्हणजे आमची म्हैस. कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडे आमचा चार म्हशींचा गोठा आहे, आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायचा आमच्या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. म्हशींना रविवार नसतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं मिळून एक रात्रही घराबाहेर राहिलो नव्हतो. नृसिंहवाडीला जायचं तरी पहाटेची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत. बाकीच्या तीन म्हशी कुणालाही दूध देतात. चंद्रीचं तसं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं रेडकू गेलं आणि तेव्हापासून ती फक्त बाळासाहेबांच्या हाताला पान्हा सोडते. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते, फारच नेट लावला तर बादलीला लाथ. असे आठ-दहा दिवस गेले तर म्हैस आटते.

शेवटी सौदा ठरला. धाकटे दीर संभाजी आणि जाऊबाई सुनंदा गोठा बघणार. आणि चंद्री आटली तर पुन्हा कुठं जायचं मी नाव काढायचं नाही. मी कबूल झाले, कारण मला एकदाच जायचं होतं असं तेव्हा वाटत होतं.

तयारीचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं, आणि तारखा लवकर भरतात, तेव्हा निदान तीन महिने आधी अर्ज करा. आम्ही सप्टेंबरच्या मध्यावर गेलो. गर्दी ओसरलेली असते आणि डोंगरातल्या वाटा अजून बंद झालेल्या नसतात. लांब पल्ल्याच्या रेल्वेची तिकिटं दोन महिने आधी काढली तर निम्म्या पैशात मिळतात. शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण चटणी बरोबर घ्याच. का ते पुढे कळेल.

बाळासाहेबांची तयारी वेगळी चालली होती. धार काढताना ते एकच चौकड्यांचा सदरा घालतात. तो त्यांनी महिनाभर धुऊ दिला नाही. निघताना तो संभाभावजींना द्यायचा, त्यांनी तो घालून चंद्रीजवळ बसायचं आणि वासावर तिला फसवायचं, अशी योजना होती. गावाकडे हे सर्रास करतात.

फ्लोरेन्स

रोमला उतरून दीड तासाच्या रेल्वेने फ्लोरेन्स. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर खोली घेतली होती, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत जुनी असेल तर लिफ्ट आहे का हे आधी विचारून घ्या. आमच्या दोन बॅगा बाळासाहेबांनी पेंडीच्या पोत्यासारख्या खांद्यावर टाकून वर नेल्या. घरमालकीण दारात उभी राहून बघत होती.

मी बॅग उघडली आणि खोलीभर गोठा पसरला.

स्वेटरच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो सदरा होता. निघायच्या दिवशी पिशवी बॅगेशेजारी पडली होती. मला वाटलं, डोंगरात घालायला जुना जाड सदरा काढून ठेवलाय, म्हणून मीच भरला. तुम्ही म्हणाल, वास नाही आला? एकतीस वर्षं त्या घरात राहिल्यावर तो वास येणं बंद झालंय. सात हजार किलोमीटरवर, साबणाच्या वासाच्या खोलीत, तो मला लग्नानंतर पहिल्यांदा आला.

तेवढ्यात संभाभावजींचा फोन. "दादा, चंद्री हात लावू दीना. सदरा कुठं ठिवलायसा? समदा गोठा पालथा घातला."

बाळासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सदरा वर धरून दाखवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "हितं हाय सदरा. फ्लोरेन्सात." आणि पलंगावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोड सुनंदाने काढली. ती फोनवर मागून ओरडत होती, "दादास्नी बोलाय सांगा की फोनवर. आवाज तरी वळखंल ती."

तेव्हापासून आमच्या सहलीचं वेळापत्रक ठरलं. कोल्हापुरात संध्याकाळचे पाच म्हणजे इटलीत दुपारचा दीड. रोज दीड वाजता, जिथे असू तिथून, बाळासाहेबांनी फोन करायचा, संभाभावजींनी तो चंद्रीच्या कानाशी धरायचा आणि यांनी हाक घालायची. पहाटेच्या धारेला आमच्याकडे मध्यरात्र, म्हणून तेवढ्यापुरती हाक रेकॉर्ड करून पाठवली. पहिल्याच दिवशी निरोप आला, थोडं सोडलं. थोडं म्हणजे काय, तर तांब्याभर. पण सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सान मार्कोच्या जुन्या मठात गेलो. मोठ्या संग्रहालयांच्या रांगा टाळायच्या असतील तर हे ठिकाण सोडू नका. तिकीट दहा युरोच्या आसपास, सोमवारी बंद. दगडी जिना चढून वर जाताना शेवटच्या वळणावर समोरच्या भिंतीवर देवदूत आणि मेरी दिसतात. हे चित्र मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पुस्तकात देवदूताचे पंख तपकिरी दिसायचे आणि मी मुलांना तपकिरीच सांगत आले. ते पट्ट्यापट्ट्यांचे आहेत, गुलाबी, पिवळे, हिरवे. तेहतीस वर्षांची चूक माझ्यासमोर उभी होती. मला रडू आलं, आणि आलं तसं येऊ दिलं. पुढे साधूंच्या लहान लहान खोल्या आहेत, प्रत्येकीत एक खिडकी आणि भिंतीवर एक चित्र. तिथे राहणाऱ्या त्या एका माणसासाठी काढलेलं. बाळासाहेब एका खोलीत बराच वेळ उभे राहिले. "चांगलं हाय," म्हणाले. "एकाला एक."

मग घड्याळ बघितलं आणि मला जिन्याकडे ढकलत नेलं. एक वाजून पंचवीस झाले होते.

खाली अंगणात, कमानींच्या मध्ये उभं राहून त्यांनी हाक घातली, "हो चंद्रेऽऽ, आली आली आली, हो माझी बाय." दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात तेव्हाची ही हाक. बारीक आवाजात ती घालताच येत नाही. सगळं अंगण थबकलं. एक रखवालदार बाई चालत आल्या, पण रागावल्या नाहीत. त्यांनी मला हळूच इंग्रजीत विचारलं, "मूल आहे का?" मी म्हटलं, "म्हैस आहे." त्यांनी क्षणभर विचार केला आणि बाळासाहेबांचा फोन संपेपर्यंत येणाऱ्या लोकांना दुसऱ्या बाजूने जायला लावलं.

खाण्याचं. आम्ही मटण खाणारी माणसं, पण घरात म्हशी-गाई असल्याने त्या मांसाच्या वाटेला जात नाही. तेव्हा मान्झो (गाय-बैल) आणि व्हितेल्लो (वासरू) हे दोन शब्द पाठ करा आणि मेनूत दिसले की पान उलटा. तिथलं शिळ्या पावाचं, घेवड्याचं आणि पालेभाजीचं घट्ट सूप आम्हाला फार आवडलं. पाव मात्र तिकडे बिनमिठाचा असतो. पहिला घास घेतल्यावर बाळासाहेबांना वाटलं, विसरले असतील, त्यांनी वेटरला हाक मारून सांगितलंसुद्धा. मग मी पर्समधून चटणी काढली. टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो वेगळे लावतात, भांडू नका, रिवाज आहे. कॉफी काउंटरशी उभं राहून प्या, बसलात की दुप्पट.

डोंगर

पाचव्या दिवशी उत्तरेला निघालो. फ्लोरेन्सहून बोल्झानो, रेल्वेने चार तास, तिथून बसने तासाभरात ऑर्टिझेई. इथे पाट्या तीन भाषांत आणि घरांच्या सज्ज्यांत लाल फुलं. आम्ही एका शेतकरी बाईंच्या घरी राहिलो. अशा घरांत मुक्काम केला की बसचा पास बहुतेकदा फुकट मिळतो, विचारून घ्या. बाईंच्या तीन गाई वर कुरणात होत्या, आठवड्याने खाली येणार होत्या, तेव्हा त्यांच्या डोक्याला फुलं बांधतात असं त्यांनी फोटो दाखवून सांगितलं. बाळासाहेबांनी फोनमधले आपल्या पाडव्याचे फोटो दाखवले. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यात घुंगरं. त्यानंतर दोघांना भाषेची गरज उरली नाही.

या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिच्याकडे फारसं बघितलं नाही. सुरुवातीला ते स्पीकर लावून लगेच हाक घालायचे. आता फोन कानाला घट्ट धरायचे, थोडा वेळ काहीच बोलायचे नाहीत, ऐकत राहायचे, आणि मग हाक. मला वाटलं, रेंजचा प्रश्न असेल.

सातव्या दिवशी मोठी चाल होती. गावातून रोपवेने आल्पे दि सिउझी या अवाढव्य कुरणावर जायचं, तिथून उतरत साल्त्रिया, आणि साल्त्रियाहून सहाशे मीटर चढून सासोपियात्तो डोंगराच्या पायथ्याची झोपडीवजा खानावळ गाठायची. वाट सोपी, लाल-पांढरे पट्टे जागोजागी, पाट्यांवर अंतर नाही तर वेळ लिहिलेली. पन्हाळा ते पावनखिंड पावसात चाललेल्या माणसाला त्यात जड काही नाही. पाणी लिटरभर घ्या आणि ढग दुपारनंतर येतात, म्हणून लवकर निघा.

आम्ही लवकर निघालो नाही. बाळासाहेब एका गाईशी बोलत राहिले. चढ निम्मा झाला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. झाडीत फोनला रेंज नव्हती. ते थांबले.

"खाली जाऊया. साल्त्रियात रेंज हुती."

"वर पाऊण तास राहिलाय. वर असेल की रेंज."

"नसंल तर?"

"नसेल तर एक दिवस संभाभावजी बघतील. रेकॉर्डिंग आहे."

"रेकॉर्डिंगवर पहाटंचं निघतंय. सांजच्याला मी लागतो."

मग मी बोलले. एकतीस वर्षांचं एकदम बोलले. माझ्या बहिणीच्या लग्नात पंगत उठायच्या आधी निघालो ते, मुलीच्या बाळंतपणात पुण्याला मी एकटीच राहिले ते, सगळं. एक दिवस, म्हटलं, एक दिवस ती म्हैस बाजूला ठेवा. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तू हो म्होरं. मी खाली थांबतो," आणि वळून उतरायला लागले. मी हाक मारली नाही.

मी एकटी वर गेले. रागात चढ कमी लागतो, पाटीवरच्या वेळेआधीच पोचले. तिथून जे दिसतं ते मी नीट सांगू शकणार नाही. खाली हिरवं कुरण आणि पाठीशी सरळ उठलेला फिकट दगड, ज्याचा रंग ढग सरकला की बदलतो. रंगाच्या पेटीत तो रंग नाही, मी मनात तीन वेळा मिसळून बघितला. मोठं काही न मागता पावाच्या लाडवांचं सूप मागवलं, छान गरम होतं, चटणी घालून आणखी बरं लागलं. फोन बघितला. वर रेंज होती, चांगल्या चार काड्या. मी त्यांना फोन केला नाही. शेजारच्या जोडप्याने विचारलं, "एकट्या आलात?" मी हो म्हटलं. एवढा देखणा डोंगर समोर असून मला तो कधी एकदा संपतोय असं झालं होतं.

चार वाजता साल्त्रियाला उतरले तर ते बस थांब्यावर बसले होते, गुडघ्याला रुमाल बांधून. मी कागदात गुंडाळून आणलेली सफरचंदाची पोळी त्यांच्या हातात दिली.

"झालं बोलणं?"

"झालं."

"सोडला पान्हा?"

"सोडला."

त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि अर्धी मला दिली. बस आली.

दक्षिणेकडे, म्हशींच्या गावी

दोन दिवस डोंगरात आणखी चाललो, सोप्या वाटा, दुपारी रेंजच्या आत. मग पूर्ण देश ओलांडून सालेर्नो, आणि तिथून साध्या लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर पेस्तुम. इकडे ऊन आपल्यासारखं, आवाज आपल्यासारखे, रस्ता ओलांडायची पद्धत तर थेट शिवाजी चौकातली. ग्रीकांची अडीच हजार वर्षांची देवळं मोकळ्या गवतात उभी आहेत. शेजारच्या संग्रहालयात एका थडग्याच्या झाकणाचं आतलं चित्र आहे. एक माणूस उंचावरून पाण्यात सूर मारतोय, एकटाच, हवेत. मेलेल्या माणसालाच दिसावं म्हणून आतल्या बाजूने काढलेलं. मी तासभर तिथेच होते. बाळासाहेब म्हणाले, रंकाळ्यात आम्ही असाच सूर मारायचो, फक्त पाय एवढे सरळ नसायचे.

पण पेस्तुमला यायचं खरं कारण म्हशी. ताजं मोझ्झारेल्ला चीज म्हशीच्या दुधाचं, आणि ते करणारे गोठे स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर आहेत. सकाळी जा, दुपारपर्यंत संपतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं घेऊ नका. ताज्याला दाताखाली दूध सुटतं.

गोठा दाखवणारी मुलगी तिशीची, मालकाची नात. म्हशी मोकळ्या. अंग घासायला फिरणारे ब्रश. धारेची वेळ वाटली की म्हैस आपण होऊन यंत्राच्या खोलीत जाते, यंत्र कास धुतं, नळ्या लावतं, काढतं, सोडतं. माणूस कुठेच नाही. बाळासाहेब त्या काचेपुढे हात मागे बांधून उभे राहिले.

"यांची नावं काय?" त्यांनी मला विचारायला लावलं.

"कानातल्या बिल्ल्यावर नंबर असतो," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझे आजोबा नावं ठेवायचे. गाणं म्हटल्यासारखं एकेकीचं नाव घ्यायचे आणि तीच तेवढी उठून यायची."

मी भाषांतर केलं. बाळासाहेब कुंपणाशी गेले आणि त्यांनी हाक घातली, पूर्ण गळ्याने. चाळीसेक म्हशी होत्या. एकीने मान वर केली, कान हलवले, आणि पुन्हा रवंथ करू लागली. ती मुलगी हसली नाही. तिने आजोबांची हाक तिला आठवत होती तेवढी म्हणून दाखवली.

दीड वाजला. त्यांनी फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, आणि त्या दिवशी हाक घातलीच नाही. नुसतं म्हणाले, "हाय मी. यतोय परवा."

घरी

कोल्हापुरात पोचलो तेव्हा सकाळ होती. बॅगा ओसरीवर टाकून ते तडक गोठ्यात गेले. मी स्वयंपाकघरात सुनंदाच्या हातचा चहा घेत बसले. तिला चीज दिलं, वास घेऊन तिने ते बाजूला ठेवलं.

"अक्का, एक सांगू? दादास्नी बोलू नगा."

"नाही बोलत. काय झालं? आटली का?"

"आटतीय कशाला. दुसऱ्या दिशीपासनं मी धारेला बसालीय. फोन यायच्या आदीच पान्हावली की. मीच रोज पेंड घालते न्हवं तिला, मलाच वळखती. पण दादांचा रोजचा फोन. कसं सांगायचं, तुम्ही नसला तरी चालतंय म्हणून? हे म्हणले, असूदे, बोलूद्यात."

मी कप खाली ठेवला. तो चढ, ते भांडण, रिकाम्या खुर्चीसमोर खाल्लेलं सूप, सगळं एकदम वर आलं. सुनंदाला दिलेला शब्द दोन मिनिटंही टिकला नाही. मी गोठ्यात गेले. ते चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "ठाऊक हाय मला," म्हणाले. "बादलीत धार पडलेली ऐकू यायची की. मी बोलायच्या आदी. तिसऱ्या दिवसापासनं."

"मग रोज फोन कशाला? डोंगरावरून खाली कशाला गेलात?"

"तिला नको हुता फोन. मला पायजे हुता."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. वास येत नव्हता. म्हणजे मी घरी पोचले होते.

सहल कशी झाली असं लोक विचारतात तेव्हा ते देवळं सांगतात, पाव सांगतात, सूर मारणारा माणूस सांगतात. मी विचारलं, हे सगळं ब्लॉगवर लिहू का? म्हणाले, लिही, आणि हेपण लिही, की बाकी सगळं बघितलं, त्यो डोंगर तेवढा माझा ऱ्हायलाय. पुढच्या सप्टेंबरसाठी ऑर्टिझेईच्या बाईंना मी विचारून ठेवलंय, खोली आहे म्हणाल्या.

सदरा अजून धुतलेला नाही. तो आता सुनंदाच्या खुंटीवर असतो.